मिश्रणातले धातू एकेक करून कसे वेगळे काढायचे: केएसपीच्या हिशोबासह

प्रॅक्टिकलला पहिल्यांदा अननोन मिश्रण हातात पडतं, तेव्हा बहुतेक जण गटांचा तक्ता पाठ करून आलेले असतात. पहिल्या गटाला विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसऱ्याला हायड्रोजन सल्फाइड, तिसऱ्याला अमोनियम क्लोराइड आणि अमोनियम हायड्रॉक्साइड. तक्ता चुकीचा नसतो. पण त्यातली प्रत्येक ओळ एका हिशोबातून आलेली आहे. तो हिशोब माहीत नसताना नळीत थेंब टाकत गेलं, की शिसं दोन गटांत सापडतं, कॅडमियम सापडतच नाही आणि मॅग्नेशियम लोहाबरोबर खाली बसतं. मग जर्नलमध्ये काय लिहायचं, हेच कळत नाही.

हा लेख बी.एस्सी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या मुलामुलींसाठी आणि पाणी किंवा सांडपाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नव्याने लागलेल्यांसाठी आहे. गणित वर्गमूळ, घनमूळ आणि लॉग यापलीकडे जात नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. विद्राव्यता गुणाकाराचा, म्हणजे केएसपीचा, नुसता आकडा धातू वेगळे करत नाही. पहिला धातू पूर्ण खाली बसला आहे आणि दुसरा अजून बसायला लागलेला नाही, असा अभिकारकाच्या संहतीचा एक पट्टा असतो. तो पट्टा शोधणं आणि द्रावण त्या पट्ट्यात धरून ठेवणं, एवढंच हे काम आहे.

## सुरुवातीआधी काय काय हवं

- केएसपीचा तक्ता. एकाच पुस्तकातला घ्या, दोन पुस्तकांतले आकडे मिसळू नका. कारण पायरी ५ मध्ये येईल.
- लॉग आणि मुळं काढता येणारा कॅल्क्युलेटर.
- अरुंद पट्ट्याचा पीएच कागद. मीटर असेल तर उत्तम, पण आधी बफरने जुळवून घ्या.
- डिस्टिल्ड पाणी. नळाच्या पाण्यात क्लोराइड, सल्फेट, कॅल्शियम सगळंच असतं. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकताच ते दुधाळ होतं.
- परीक्षानळ्या, ड्रॉपर, काचकांडी आणि वॉटर बाथ. सेमिमायक्रो पद्धत असेल तर सेंट्रिफ्यूज.
- गाळण कागद. लोह आणि ॲल्युमिनियमच्या हायड्रॉक्साइडसारख्या चिकट, फुगीर साक्याला (साका म्हणजे द्रावणातून खाली बसणारा घन, अवक्षेप) व्हॉटमन ४१, बेरियम सल्फेटसारख्या बारीक साक्याला ४२. उलट केलंत तर पहिला साका तासभर गळत बसेल आणि दुसरा कागदातून खाली उतरेल.
- गॉगल, हातमोजे आणि चालू असलेला फ्यूम हूड. हायड्रोजन सल्फाइड वापरायचा असेल तर हूड नसताना कामाला हात घालू नका.

## पायरी १: द्रावणात काय आहे आणि किती आहे

हिशोबाला संहती लागते. अननोन मिश्रणात ती माहीत नसते, म्हणून ०.०१ मोलर धरून चाला. नळीतल्या कामासाठी हा अंदाज बहुधा पुरतो.

इथे एक जागा हमखास निसटते. ०.०२ मोलरचं द्रावण घेतलं आणि तेवढ्याच आकारमानाचं अभिकारक ओतलं, तर धातूची संहती त्याच क्षणी ०.०१ मोलर होते. अभिकारकाचीही निम्मी होते. केएसपीशी तुलना नेहमी मिसळल्यानंतरच्या संहतींची करायची. परीक्षेतल्या गणितात सर्वांत जास्त मार्क इथे जातात.

## पायरी २: केएसपीची राशी घातांकासकट लिहा

क्षाराचं सूत्र लिहा, किती आयन सुटतात ते पाहा आणि तेवढे घात चढवा. चौकोनी कंस म्हणजे त्या आयनाची मोलर संहती.

सिल्व्हर क्लोराइड: [सिल्व्हर] × [क्लोराइड] = १.८ × १०⁻¹⁰

लेड क्लोराइड: [लेड] × [क्लोराइड]² = १.७ × १०⁻⁵

फेरिक हायड्रॉक्साइड: [फेरिक] × [हायड्रॉक्साइड]³ = २.८ × १०⁻³⁹

मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड: [मॅग्नेशियम] × [हायड्रॉक्साइड]² = ५.६ × १०⁻¹²

द्रावणातल्या खऱ्या संहती याच राशीत घालून जो गुणाकार येतो, तो केएसपीपेक्षा मोठा असेल तर साका पडतो. लहान असेल तर पडत नाही.

सापळा. ज्याचा केएसपी लहान तो आधी पडतो, हे वाक्य वर्गात सर्रास ऐकू येतं. दोन्ही क्षारांचं आयनांचं प्रमाण सारखं असेल, तरच ते खरं. सिल्व्हर क्रोमेटचा केएसपी १.१ × १०⁻¹², म्हणजे सिल्व्हर क्लोराइडच्या दीडशेपटीहून लहान. तरीही क्लोराइडच्या टायट्रेशनमध्ये पांढरं सिल्व्हर क्लोराइड आधी पडतं आणि विटकरी क्रोमेट शेवटी. क्लोराइड ०.१ मोलर असेल तर त्याला फक्त १.८ × १०⁻⁹ मोलर सिल्व्हर पुरतं. क्रोमेट ०.००५ मोलर असेल तर [सिल्व्हर]² = २.२ × १०⁻¹⁰, म्हणजे सिल्व्हर १.५ × १०⁻⁵ मोलर व्हावं लागतं. क्रोमेट दर्शक म्हणून वापरणाऱ्या या टायट्रेशनचा, म्हणजे मोर टायट्रेशनचा, अंतिम बिंदू याच फरकावर उभा आहे. तेव्हा आकड्यांची तुलना करू नका, लागणाऱ्या अभिकारकाची करा.

## पायरी ३: पट्ट्याची दोन टोकं काढा

ही पायरी लेखाचा गाभा आहे, इथे घाई करू नका. द्रावणात फेरिक लोह आणि मॅग्नेशियम दोन्ही ०.०१ मोलर आहेत असं धरू. अभिकारक हायड्रॉक्साइड.

*लोह कधी पडायला लागतं?* [हायड्रॉक्साइड]³ = २.८ × १०⁻³⁹ ÷ ०.०१ = २.८ × १०⁻³⁷. घनमूळ ६.५ × १०⁻¹³. पीएच = १४ + लॉग [हायड्रॉक्साइड], म्हणजे पीएच १.८.

*लोह पूर्ण कधी पडलं म्हणायचं?* साका पडल्यावरही द्रावणात काहीतरी उरतंच, शून्य कधीच होत नाही. म्हणून सीमा आपणच ठरवायची. मी १०⁻⁶ मोलर धरतो. ०.०१ मोलरमधलं ९९.९९ टक्के लोह तोवर खाली गेलेलं असतं. [हायड्रॉक्साइड]³ = २.८ × १०⁻³³, घनमूळ १.४ × १०⁻¹¹, पीएच ३.१५. हे पट्ट्याचं खालचं टोक.

*मॅग्नेशियम कधी पडायला लागतं?* [हायड्रॉक्साइड]² = ५.६ × १०⁻¹² ÷ ०.०१ = ५.६ × १०⁻¹⁰. वर्गमूळ २.४ × १०⁻⁵, पीएच ९.४. हे वरचं टोक.

म्हणजे पीएच ३.१५ ते ९.४ या पट्ट्यात कुठेही थांबलात, तरी लोह कागदावर आणि मॅग्नेशियम खालच्या चंचुपात्रात. सहा एककांचा पट्टा म्हणजे चैन आहे. मात्र खालच्या टोकाला चिकटून बसू नका. ताजा पडलेला फेरिक हायड्रॉक्साइड पुस्तकातल्या मुरलेल्या घनापेक्षा जास्त विरघळतो, त्यामुळे प्रत्यक्षात पीएच ४ च्या वर राहिलेलं बरं.

आता त्याच द्रावणात जस्तही आहे असं समजा. झिंक हायड्रॉक्साइडचा केएसपी ३ × १०⁻¹⁷, त्यामुळे ०.०१ मोलर जस्त पीएच ६.७ ला पडायला लागतं. वरचं टोक ९.४ वरून ६.७ वर आलं. मिश्रणात नवा धातू निघाला की पट्टा नव्याने काढायचा.

## पायरी ४: लोह फेरस आहे की फेरिक, हे विसरू नका

हीच गणितं फेरस लोहासाठी करून पाहा. फेरस हायड्रॉक्साइडचा केएसपी ४.९ × १०⁻¹⁷. ०.०१ मोलर फेरस पीएच ६.८५ ला पडायला लागतं आणि १०⁻⁶ मोलरपर्यंत खाली जायला पीएच ८.८५ लागतो. मॅग्नेशियम ९.४ ला सुरू होतं. सहा एककांचा पट्टा अर्ध्या एककावर आला! एवढ्या अरुंद जागेत हाताने थेंब टाकून कुणालाही थांबता येणार नाही.

तिसऱ्या गटाआधी द्रावणात संहत नायट्रिक आम्लाचे दोन-चार थेंब टाकून उकळायला सांगतात, ते यासाठी. दुसऱ्या गटात सोडलेला हायड्रोजन सल्फाइड फेरिकचं फेरस करून ठेवतो, नायट्रिक आम्ल त्याला परत फेरिकवर आणतं.

पण क्रम सांभाळा. आधी द्रावण उकळून हायड्रोजन सल्फाइड पूर्ण घालवायचा, मग नायट्रिक आम्ल. वायू गेला की नाही, ते लेड ॲसिटेटचा ओला कागद वाफेवर धरून बघा. कागद तपकिरी-काळा होतोय तोवर उकळत राहा. वायू शिल्लक असताना नायट्रिक आम्ल टाकलं तर गंधक सुटून द्रावण गढूळ होतं आणि थोडा सल्फेटही तयार होतो. मिश्रणात बेरियम असेल तर ते तिथेच सल्फेट होऊन खाली बसतं. पुढे पाचव्या गटात तुम्ही त्याला शोधत राहता.

## पायरी ५: द्रावण पट्ट्यात धरून ठेवा

पट्टा कागदावर काढणं सोपं. नळीत तो राखायला बफर लागतो.

*नुसता अमोनिया.* ०.१ मोलर अमोनियात हायड्रॉक्साइड १.३ × १०⁻³ मोलर असतो. मॅग्नेशियमचा गुणाकार: ०.०१ × (१.३ × १०⁻³)² = १.७ × १०⁻⁸. हा ५.६ × १०⁻¹² पेक्षा कितीतरी मोठा आहे, म्हणजे मॅग्नेशियम पडणार.

*आधी अमोनियम क्लोराइड, मग अमोनिया.* अमोनियम १ मोलर ठेवलं तर समान आयनामुळे अमोनियाचं आयनीभवन दबतं: हायड्रॉक्साइड = १.८ × १०⁻⁵ × ०.१ ÷ १ = १.८ × १०⁻⁶ मोलर, पीएच ८.३. मॅग्नेशियमचा गुणाकार आता ३.२ × १०⁻¹⁴. केएसपीपेक्षा लहान, म्हणून मॅग्नेशियम द्रावणातच राहतं. लोह मात्र याच्या खूप आधी पडून गेलेलं असतं.

म्हणून अमोनियम क्लोराइड आधी आणि भरपूर. चिमूटभर टाकून गट उरकणाऱ्यांच्या नळीत मॅग्नेशियम लोहाच्या साक्यात अडकलेलं मी खूपदा पाहिलं आहे. उलट क्रमाने टाकलं तर मधल्या काही सेकंदांत जे पडायचं ते पडून जातं, आणि चिकट हायड्रॉक्साइडच्या पोटात शिरलेलं मॅग्नेशियम सहजी बाहेर येत नाही.

दुसऱ्या गटात हेच काम आम्ल करतं. हायड्रोजन सल्फाइडचं संपृक्त द्रावण साधारण ०.१ मोलर असतं. त्यातला सल्फाइड किती उपलब्ध होणार, हे आम्लाच्या संहतीवर ठरतं. इथे आम्लातला विद्राव्यता स्थिरांक वापरणं सोयीचं:

[धातू] × [हायड्रोजन सल्फाइड] ÷ [हायड्रोजन आयन]²

तांब्यासाठी तो ६ × १०⁻¹⁶, कॅडमियमसाठी ८ × १०⁻⁷, जस्तासाठी ३ × १०⁻². तांब्याची काळजीच नको, ते कसल्याही विरल आम्लात पडतं. खरी ओढाताण कॅडमियम आणि जस्त यांच्यात असते:

- कॅडमियम १०⁻⁶ मोलरपर्यंत खाली जायला आम्ल ०.३५ मोलरपेक्षा कमी हवं.
- ०.०१ मोलर जस्त पडू नये म्हणून आम्ल ०.१८ मोलरपेक्षा जास्त हवं.

पुस्तकात दुसऱ्या गटासाठी आम्ल ०.३ मोलर ठेवा असं का लिहिलेलं असतं, ते आता दिसलं असेल. आकडा या चिंचोळ्या जागेत नेमका बसतो. आम्ल ३ मोलर झालं तर हिशोबाने ७ × १०⁻⁵ मोलर कॅडमियम द्रावणात उरतं. प्रत्यक्षात त्याहून जास्त उरतं, कारण क्लोराइड त्याला संकुलात बांधून ठेवतो. शिवाय सल्फाइड पडताना दर धातू आयनामागे दोन हायड्रोजन आयन सुटतात, म्हणजे आम्ल आपोआप वाढत जातं. साका पडल्यावर द्रावण थोडं पातळ करून परत वायू सोडा. पिवळं कॅडमियम सल्फाइड बरेचदा या दुसऱ्या खेपेला दिसतं.

सापळा. सल्फाइडचे केएसपी पुस्तकागणिक वेगळे असतात, काही ठिकाणी कित्येक घातांनी. हायड्रोजन सल्फाइडच्या दुसऱ्या आयनीभवनाचा स्थिरांक नंतर फार लहान ठरला आणि जुने आकडे त्यानुसार बदलले. केएसपी एका पुस्तकातला आणि आयनीभवन स्थिरांक दुसऱ्यातला घेतला तर उत्तर हजारो पटींनी चुकेल. जस्ताच्या सल्फाइडची दोन स्फटिकरूपंही आहेत आणि त्यांचे आकडे वेगळे. मी वर जे घेतले ते जास्त विरघळणाऱ्या रूपाचे.

हायड्रोजन सल्फाइडबद्दल गांभीर्याने सांगतो. सडक्या अंड्याचा वास येतोय तोवर सावध राहता येतं. पण संहती वाढली की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास थांबला म्हणजे वायू गेला, असं कधीही समजू नका. हा वायू तयार करणारं किपचं उपकरण हूडमध्येच ठेवा आणि काम झालं की तोटी बंद आहे ना, ते स्वतः बघा.

## पायरी ६: प्रत्यक्ष हाताने

१. अभिकारक थेंबाथेंबाने, ढवळत टाका. एकदम ओतलं की नळीच्या वरच्या भागात अभिकारकाची संहती क्षणभर पट्ट्याबाहेर जाते आणि दुसरा धातू तिथे पडतो.

२. द्रावण कोमट ठेवा. कण मोठे होतात, गाळायला सोपं जातं. अपवाद लेड क्लोराइडचा, त्याबद्दल पायरी ७ मध्ये.

३. साका खाली बसू द्या. वरच्या स्वच्छ द्रावणात नळीच्या कडेने अभिकारकाचा एक थेंब सोडा. थेंब पडतो तिथे धुरासारखा पांढुरका पदर दिसला तर अवक्षेपण अपुरं आहे. काहीच दिसलं नाही तर पुढे जा. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे, तरी बहुतेक जण वगळतात.

४. मग उशीर न करता वेगळं करा. कॉपर सल्फाइडचा साका द्रावणात तसाच ठेवला तर जस्ताचं सल्फाइड हळूहळू त्याच्यावर बसत जातं. कॅल्शियम ऑक्झलेटवर मॅग्नेशियम ऑक्झलेट असंच मागाहून बसतं. बोअरच्या कठीण पाण्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटने काढताना हे ध्यानात ठेवा, कारण त्यात मॅग्नेशियमही भरपूर असू शकतं. या बाबतीत केएसपीचा हिशोब काही सांगत नाही.

५. साका धुवा, पण निव्वळ पाण्याने नको. सिल्व्हर क्लोराइड विरल नायट्रिक आम्लाने धुवा. शुद्ध पाण्यात त्याचे कण सुटे होऊन कागदातून निसटतात. फेरिक हायड्रॉक्साइडला अमोनियम नायट्रेटचं गरम, पातळ द्रावण. सल्फाइडच्या साक्याला हायड्रोजन सल्फाइडचं पाणी, नाहीतर हवेने त्याचं सल्फेट होऊन तांबं परत खाली उतरतं.

साका मोलाचा असेल, म्हणजे वजन करायचं असेल, तर एकदा विरघळवून परत पाडा. अडकलेली घाण पहिल्या खेपेलाच बरीचशी मागे राहते.

## पायरी ७: शिशाकडे वेगळं लक्ष द्या

पहिल्या गटात क्लोराइड ०.३ मोलर असेल तर सिल्व्हर ६ × १०⁻¹⁰ मोलर उरतं, म्हणजे गेलंच. शिसं मात्र १.७ × १०⁻⁵ ÷ ०.०९ = १.९ × १०⁻⁴ मोलर उरतं. ०.०१ मधलं जवळजवळ दोन टक्के. मिश्रणात शिसं मुळातच १०⁻⁴ मोलर असेल तर पहिल्या गटात साकाच पडणार नाही. दुसऱ्या गटात काळं लेड सल्फाइड दिसलं म्हणून घाबरू नका, शिसं दोन्हीकडे येणं हे त्याच्या केएसपीप्रमाणेच आहे.

म्हणून आम्ल जास्त ओतावं, असं वाटेल. ओतू नका. संहत हायड्रोक्लोरिक आम्लात शिसं आणि सिल्व्हर दोन्ही क्लोराइडबरोबर विरघळणारी संकुलं करतात आणि पडलेला साका परत विरघळायला लागतो. समान आयनाचा फायदा एका मर्यादेपर्यंतच आहे.

सिल्व्हर आणि शिसं वेगळं करायला गरम पाणी वापरतात. लेड क्लोराइड २० अंश सेल्सिअसला १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे १ ग्रॅम विरघळतं, उकळत्या पाण्यात सुमारे ३.३ ग्रॅम. सिल्व्हर क्लोराइड दोन्ही वेळा जवळपास जागेवरच. गरम असतानाच गाळा, नरसाळंही गरम पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर शिसं नरसाळ्याच्या दांड्यातच सुया होऊन बसेल. गाळून आलेल्या द्रावणात पोटॅशियम क्रोमेट टाकलं की लेड क्रोमेटचा गडद पिवळा साका येतो.

तक्त्यातले सगळे आकडे २५ अंशांचे असतात, हेही इथेच लक्षात घ्या. मे महिन्यात विदर्भातल्या एखाद्या प्रयोगशाळेत द्रावण ३५ अंशांच्या पुढे असू शकतं. पट्टा रुंद असेल तर काही बिघडत नाही. कॅडमियम-जस्तासारखा अरुंद असेल तर नळी थंड पाण्यात धरा.

काम संपल्यावर शिसं, कॅडमियम, पारा आणि क्रोमेट असलेलं काहीही बेसिनमध्ये ओतू नका. जड धातूंसाठी वेगळी बाटली ठेवा आणि तिच्यावर काय टाकलं ते लिहा. सल्फाइडचे साके आम्लाच्या बाटलीत जाणार नाहीत याची विशेष काळजी घ्या, कारण आम्ल लागताच हायड्रोजन सल्फाइड परत सुटतो आणि तेव्हा बाटली हूडमध्ये नसते.